महाविद्यालयीन अध्यापकाची अर्हता : पदवी, परीक्षा आणि दिनांक यांचा इतिहास

प्रस्तावना

महाविद्यालयात शिकविण्याचा अधिकार कोणाला असावा, हा प्रश्न वरवर प्रशासकीय वाटतो. जाहिरात, अर्ज, छाननी समिती, मुलाखत, विद्यापीठाची मान्यता या क्रमात तो दरवर्षी सुटतो असे दिसते. परंतु गेल्या चार-पाच दशकांत या प्रश्नाचे अधिकृत उत्तर अनेकदा बदलले आहे. एकेकाळी पदव्युत्तर पदवी पुरेशी होती, नंतर एम.फिल. आली, मग राष्ट्रीय पात्रता परीक्षा म्हणजे नेट आली, कधी पीएच.डी.ला सूट मिळाली, कधी ती काढून घेतली गेली. आणि अखेर ज्या एम.फिल.ला एकेकाळी प्रवेशद्वार मानले गेले ती पदवीच बंद झाली. प्रस्तुत लेखात या बदलांचा कालक्रमाने आढावा घेतला असून दोन मुद्दे मांडले आहेत. पहिला असा की, अर्हतेचा निकष पदवी आणि परीक्षा यांच्यामध्ये सतत झुलत राहिला. वर्गातील प्रत्यक्ष अध्यापन मात्र कोणत्याच निकषाने गांभीर्याने मोजले नाही. दुसरा असा की, प्रत्येक बदलाची किंमत दोन दिनांकांच्या मध्ये सापडलेल्या अध्यापकांनी मोजली.

नियमांपूर्वीचा काळ

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ साली झाली. त्यानंतरच्या अर्धशतकात महाराष्ट्रातील महाविद्यालयांत शिकविणाऱ्यांसाठी आजच्या अर्थाने एकसमान अर्हता नव्हती. सरकारी महाविद्यालयांत इंग्लंडमधून आलेले प्राध्यापक असत, तर खाजगी संस्थांत ध्येयवादी पदवीधर. डेक्कन एज्युकेशन सोसायटीने १८८५ मध्ये सुरू केलेले पुण्याचे फर्ग्युसन महाविद्यालय हे याचे ठळक उदाहरण होय. गोपाळ गणेश आगरकर हे एम.ए. होते, बाळ गंगाधर टिळक हे बी.ए., एल्‌एल.बी. होते, तर गोपाळ कृष्ण गोखले यांच्याकडे केवळ बी.ए. ही पदवी होती. गोखल्यांनी याच संस्थेत इंग्रजी, गणित, इतिहास आणि अर्थशास्त्र असे वेगवेगळे विषय शिकविले. टिळकांनी १८९० मध्ये सोसायटी सोडल्यावर गणिताच्या अध्यापनासाठी १८९१ मध्ये धोंडो केशव कर्वे आले. तेही बी.ए. होते. आजच्या नियमांची फूटपट्टी लावली, तर यांपैकी एकाचाही अर्ज छाननीच्या पुढे गेला नसता.

यावरून नियम निरर्थक आहेत असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे ठरेल. त्या काळी पदवीधरांची संख्या अत्यल्प होती, महाविद्यालये बोटांवर मोजण्याइतकी होती आणि शिक्षकाची पारख संस्थेतील सहकारी रोजच्या सहवासातून करीत असत. संस्थांची संख्या वाढते, नियुक्ती अनोळखी व्यक्तींची होऊ लागते आणि वेतन सरकारी तिजोरीतून जाऊ लागते, तेव्हा लिखित व सर्वांना सारखा लागू होणारा निकष अपरिहार्य होतो. अन्यथा ओळख, जात आणि देणगी हेच निकष होऊन बसतात. अर्हतेच्या नियमांमागील हे लोकशाहीवादी कारण विसरता येत नाही.

आयोगाची स्थापना आणि एम.फिल.चा उदय

स्वातंत्र्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ या कायद्याने आयोगाला वैधानिक दर्जा मिळाला. या कायद्याच्या कलम २६ नुसार अध्यापकपदासाठी सामान्यतः कोणती अर्हता आवश्यक असावी हे विनियमांद्वारे ठरविण्याचा अधिकार आयोगाला आहे, तर कलम १४ नुसार शिफारशी न पाळणाऱ्या विद्यापीठाचे अनुदान रोखण्याचा अधिकार आहे. ही दोन कलमे एकत्र वाचली म्हणजे पुढील साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली सापडते. आयोगाच्या हाती प्रत्यक्ष नेमणूक नाही. आहे तो अनुदानाचा लगाम.

सत्तरच्या दशकात वेतनश्रेणी आणि अर्हता यांची सांगड घट्ट झाली. डॉ. एस. एन. सेन समितीच्या शिफारशींनंतर व्याख्यात्यांना ७००-१६०० रुपयांची श्रेणी मिळाली आणि त्यासोबतच संशोधनाची अपेक्षाही आली. आयोगाच्या १९८२ च्या विनियमांत महाविद्यालयीन व्याख्यात्यासाठी चांगल्या श्रेणीतील पदव्युत्तर पदवीखेरीज एम.फिल., पदव्युत्तर पातळीच्या वरची अन्य मान्य पदवी किंवा स्वतंत्र संशोधनाची क्षमता दर्शविणारे प्रकाशित लेखन यांपैकी काहीतरी अपेक्षित धरले होते. एम.ए. आणि पीएच.डी. यांच्यामधील पायरी म्हणून एम.फिल.ला जे महत्त्व आले, त्याचे मूळ येथे आहे. संशोधन पद्धतीचा अभ्यासक्रम आणि एक लघुप्रबंध असे या पदवीचे स्वरूप होते. तालुक्याच्या ठिकाणी पूर्णवेळ नोकरी सांभाळणाऱ्या अध्यापकासाठी संशोधनाशी होणारी ती पहिली ओळख असे.

नेटचे आगमन

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत मात्र पदव्यांवरील विश्वास डळमळीत झाला होता. एका विद्यापीठातील पंचावन्न टक्के आणि दुसऱ्या विद्यापीठातील पंचावन्न टक्के यांची तुलना कशी करावी, हा प्रश्न उघडपणे विचारला जाऊ लागला. प्रा. आर. सी. मेहरोत्रा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८६ मध्ये अहवाल सादर केला. अध्यापकपदासाठी राष्ट्रीय पातळीवर चाचणी घ्यावी, ही शिफारस त्यात होती. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाच्या वातावरणात ती शिफारस उचलली गेली. केंद्र शासनाने २२ जुलै १९८८ च्या अधिसूचनेने ही परीक्षा घेण्याचे काम आयोगाकडे सोपविले. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्तीसाठी १९८४ पासून परीक्षा होतच होती. तिला अध्यापक-पात्रतेची जोड देऊन पहिली नेट डिसेंबर १९८९ आणि मार्च १९९० अशा दोन टप्प्यांत घेण्यात आली.

नेट राज्यांपर्यंत कशी पोहोचली, हेही पाहणे आवश्यक आहे. १ जानेवारी १९८६ पासूनच्या सुधारित वेतनश्रेणीचा, म्हणजे २२००-४००० रुपयांच्या श्रेणीचा, अतिरिक्त भार केंद्राने ३१ मार्च १९९० पर्यंत ८० टक्के उचलला. परंतु राज्याने संपूर्ण योजना स्वीकारावी अशी त्यासोबत अट होती. वेतन हवे असेल तर अर्हताही स्वीकारा, असा हा व्यवहार होता. त्यामुळे अर्हतेचा प्रश्न हा सुरुवातीपासूनच वेतनाच्या प्रश्नाच्या पोटात वाढला.

१९ सप्टेंबर १९९१ च्या विनियमांनी नेट उत्तीर्ण होणे ही व्याख्यातापदाची अट झाली. तिच्या वैधतेचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. दिल्ली विद्यापीठ विरुद्ध राज सिंग या प्रकरणात १९९४ मध्ये न्यायालयाने हे विनियम वैध ठरविले. मात्र ते विद्यापीठांना उद्देशून शिफारशीच्या स्वरूपाचे आहेत आणि न पाळल्यास त्याचा परिणाम अनुदानावर होईल, असेही स्पष्ट केले. ‘वैध, पण शिफारसवजा’ या मध्यम स्थितीमुळे विद्यापीठांना आणि राज्यांना हालचालीसाठी जागा उरली. हीच जागा पुढे अनेकांसाठी सापळा ठरली.

महाराष्ट्रातील बिगर नेट-सेट अध्यापक

महाराष्ट्रात २३ ऑक्टोबर १९९२ पासून ही अट लागू करण्यात आली. नव्वदच्या दशकात राज्यात महाविद्यालयांचे जाळे ग्रामीण भागात वेगाने विस्तारत होते. नेट उत्तीर्ण उमेदवारांची संख्या मात्र तुटपुंजी होती. परिणामी पदव्युत्तर पदवी चांगल्या श्रेणीत मिळविलेल्या, रीतसर जाहिरात व निवड समितीद्वारे निवडलेल्या, परंतु नेट नसलेल्या उमेदवारांना नियुक्त्या देण्यात आल्या. यांतील अनेक जण पहिल्या पिढीतील पदवीधर होते.

केवळ दिल्लीहून येणाऱ्या परीक्षेवर विसंबून राहता येणार नाही हे ओळखून राज्यस्तरीय पात्रता परीक्षेचा, म्हणजे सेटचा, मार्ग काढण्यात आला. महाराष्ट्र व गोवा या दोन राज्यांसाठी ही परीक्षा पुणे विद्यापीठ १९९५ पासून घेत आले आहे. १ जून २००२ पूर्वी सेट उत्तीर्ण झालेला उमेदवार देशात कोठेही पात्र मानला जाई. त्यानंतरच्या उमेदवारांची पात्रता संबंधित राज्यापुरती मर्यादित झाली. येथेही एक दिनांक आला आणि त्याच्या अलीकडचे व पलीकडचे असे दोन वर्ग पडले.

बिगर नेट-सेट अध्यापकांची सेवा चालू राहिली, पण ती अधांतरी. वरिष्ठ श्रेणी आणि निवडश्रेणी यांपासून ते वंचित राहिले. त्याच विभागात, त्याच वर्गांवर, तितक्याच तासिका घेणारे दोन सहकारी. एकाची कारकीर्द पुढे सरकते आणि दुसऱ्याची आहे तेथेच थांबते, हे चित्र वर्षानुवर्षे राहिले. हा प्रश्न आणि सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी या दोन प्रमुख मागण्यांसाठी महाराष्ट्र प्राध्यापक महासंघाने, म्हणजे एमफुक्टोने, २०१३ मध्ये परीक्षाविषयक कामावर बहिष्कार टाकला. फेब्रुवारीत सुरू झालेले आंदोलन मे महिन्यापर्यंत चालले. त्यानंतर २७ जून २०१३ च्या शासन निर्णयाने २३ ऑक्टोबर १९९२ ते ३ एप्रिल २००० या कालावधीत नियुक्त झालेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांच्या सेवा ग्राह्य धरण्यात आल्या; परंतु नियुक्तीच्या दिनांकापासून नव्हे, तर निर्णयाच्या दिनांकापासून.

हा फरक केवळ तांत्रिक नव्हता. १ नोव्हेंबर २००५ पासून नियुक्त होणाऱ्यांसाठी राज्याने जुन्या निवृत्तिवेतनाऐवजी परिभाषित अंशदान योजना लागू केली होती. १९९४ साली रुजू झालेल्या अध्यापकाची सेवा २०१३ पासून मोजायची म्हटले, तर त्याच्या वार्धक्याच्या आधाराचाच प्रश्न उभा राहत होता. म्हणूनच शासन निर्णयानंतरही हा विषय न्यायालयांत जात राहिला.

सूट, सूटरद्द आणि पुन्हा सूट

दरम्यान केंद्रीय पातळीवरील नियमांचा लंबक हलतच होता. ४ एप्रिल २००० च्या विनियमांनुसार नेट ही पीएच.डी.धारकांनाही अनिवार्य करण्यात आली. केवळ ३१ डिसेंबर १९९३ पर्यंत एम.फिल. पूर्ण केलेल्या अथवा पीएच.डी.चा प्रबंध सादर केलेल्या उमेदवारांना सूट राहिली. २००२ मधील दुरुस्तीने पीएच.डी.बाबतची ही मुदत ३१ डिसेंबर २००२ पर्यंत वाढली. १४ जून २००६ च्या दुरुस्तीने पीएच.डी.धारकांना पदवी व पदव्युत्तर अशा दोन्ही स्तरांवरील, तर एम.फिल.धारकांना पदवी स्तरावरील अध्यापनासाठी नेटमधून सूट मिळाली.

या सवलतीनंतर एम.फिल.ची मागणी वाढली आणि दूरशिक्षणाचा मार्गही त्यासाठी वापरला गेला. पदवीला बाजारमूल्य आले की पदवीच्या गुणवत्तेवर ताण येतो, या नियमाला एम.फिल.ही अपवाद ठरली नाही. डॉ. भालचंद्र मुणगेकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नेटचा फेरविचार करून अंतिमतः ती कायम ठेवण्याच्या बाजूने मत दिले. ११ जुलै २००९ रोजी नवे विनियम आले. त्यांनी एम.फिल.ची सूट संपविली आणि प्रवेश परीक्षा, अभ्यासक्रम इत्यादी अटी असलेल्या २००९ च्या नव्या नियमावलीनुसार पीएच.डी. मिळविलेल्यांनाच सूट ठेवली. त्याच वेळी दूरशिक्षणाद्वारे एम.फिल. व पीएच.डी. देण्यास मनाई करण्यात आली.

जुन्या नियमांनुसार प्रामाणिकपणे पीएच.डी. केलेल्यांची पदवी त्यामुळे एका रात्रीत अपुरी ठरली. १६ मार्च २०१५ रोजी पी. सुशीला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे विनियम वैध ठरविले. नियुक्ती होण्यापूर्वी केवळ पात्र असल्याने कोणताही हक्क प्रस्थापित होत नाही, असा त्यामागील विचार होता. कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद निर्दोष आहे. परंतु पाच-सहा वर्षे एका नियमावर विसंबून प्रबंध लिहिणाऱ्याच्या दृष्टीने तो कठोर आहे. २०१६ मध्ये आयोगानेच ११ जुलै २००९ पूर्वी नोंदणी केलेल्यांना नियमित पद्धतीने पदवी, बाह्य परीक्षक, खुली मौखिकी, प्रकाशित शोधनिबंध अशा अटींवर दिलासा दिला.

१८ जुलै २०१८ च्या विनियमांनी महाविद्यालयांसाठी नेट, सेट किंवा पीएच.डी. असा पर्याय ठेवला आणि विद्यापीठ विभागांसाठी १ जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची करण्याचे ठरविले. ती सक्ती आधी लांबणीवर पडली आणि १ जुलै २०२३ पासूनच्या दुरुस्तीने मागेच घेतली गेली. नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनी एम.फिल. अभ्यासक्रम बंद केला. पूर्वी मिळविलेली पदवी वैध राहिली, पण तिच्या मागून कोणी येणार नाही, अशी तिची स्थिती झाली.

परीक्षेने काय मोजले?

नेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेत अध्यापन व संशोधन अभिवृत्तीवर प्रश्न असतात. याखेरीज अध्यापनाचा संबंध परीक्षेत कोठेही येत नाही. विषयाची सविस्तर उत्तरे मागणारी तिसरी प्रश्नपत्रिका जून २०१२ पासून वस्तुनिष्ठ झाली आणि २०१८ मध्ये तीनऐवजी दोनच प्रश्नपत्रिका राहिल्या. भावी प्राध्यापकाला सलग चार परिच्छेद मुद्देसूद लिहिता येतात का, हे पाहण्याची सोयही त्याबरोबर गेली. २०१७ पासून परीक्षेस बसलेल्यांपैकी सहा टक्के उमेदवारांना पात्र ठरविण्याची पद्धत आली. पात्रता म्हणजे एक ठरावीक उंची. ती गाठणारे दहा असोत वा हजार. सहा टक्क्यांच्या पद्धतीत मात्र पात्रता इतरांच्या तुलनेत ठरते. नाव पात्रतेचे आणि स्वरूप स्पर्धेचे, अशी ही विसंगती आहे.

शालेय शिक्षकाला बी.एड. लागते, महाविद्यालयीन अध्यापकाला अध्यापनशास्त्राचा एकही अभ्यासक्रम नियुक्तीपूर्वी लागत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी राष्ट्रीय धोरणानंतर ॲकॅडेमिक स्टाफ कॉलेजे निघाली. तेथील उद्बोधन वर्ग आणि उजळणी वर्ग उपयुक्त होते. परंतु ते नियुक्तीनंतरचे असल्याने आणि पदोन्नतीशी जोडले गेल्याने अनेकदा प्रमाणपत्रापुरते उरले.

अमेरिकी कम्युनिटी कॉलेजचा अनुभव

याच प्रश्नाचे वेगळे उत्तर अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांनी शोधले. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ मध्ये सुरू झालेल्या कनिष्ठ महाविद्यालयापासून या परंपरेचा आरंभ मानला जातो. दोन वर्षांचे शिक्षण, खुला प्रवेश आणि अध्यापनाला प्राधान्य ही या संस्थांची ओळख आहे. कॅलिफोर्नियात तेथील अध्यापकांना दीर्घकाळ शालेय शिक्षकांप्रमाणे राज्याचा परवाना घ्यावा लागे. १९८८ च्या कायद्याने ही पद्धत रद्द करण्याचा निर्णय झाला. सैद्धांतिक विषयांसाठी त्या विषयातील पदव्युत्तर पदवी ही किमान अर्हता ठरली. व्यावसायिक विषयांसाठी पदवी व दोन वर्षांचा अनुभव, किंवा दोन वर्षांची सहयोगी पदवी व सहा वर्षांचा अनुभव असा मार्ग ठेवण्यात आला. समकक्षता तपासण्यात त्या महाविद्यालयातील अध्यापक-मंडळाला महत्त्वाची भूमिका देण्यात आली. पीएच.डी. तेथे सक्तीची नाही, कारण संस्थेचे मुख्य काम शिकविणे हे आहे, हे आधी ठरविण्यात आले. त्या व्यवस्थेतही अर्धवेळ अध्यापकांच्या अस्थिरतेचा प्रश्न मोठा आहे. ती आदर्श म्हणून येथे मांडलेली नाही. मात्र संस्थेचे काम आधी आणि अर्हता नंतर, हा क्रम लक्षणीय आहे.

भारतात आयोगाने २०१३-१४ पासून कम्युनिटी कॉलेजची योजना राबविली आणि २०२२ मध्ये औपचारिक अर्हतेची अट न ठेवता किमान पंधरा वर्षांच्या अनुभवावर आधारित ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ हे पद मान्य केले. ज्या व्यवस्थेने तीन दशके विशिष्ट दिनांकापूर्वीची एम.फिल. आणि नंतरची एम.फिल. असा भेद केला, तिनेच पदवीविना प्राध्यापकपदाची वाट उघडली, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. एक, अर्हतेचे नियम आवश्यक आहेत. ते नसतील तर निवडीत मनमानीला वाव मिळतो. दोन, पदवीवरचा अविश्वास परीक्षेने आणि परीक्षेवरची नाराजी पदवीने भरून काढण्याचे प्रयत्न वारंवार झाले. दोन्ही प्रयत्नांत पदवीचा दर्जा सुधारण्याचे मूळ काम मागे पडले. तीन, नियम बदलताना आधीच मार्गस्थ असलेल्यांना पुरेशी संक्रमणमुदत देण्याची शिस्त पाळली गेली नाही आणि म्हणून धोरणाचे वाद न्यायालयांत सुटत राहिले. चार, निवडीच्या वेळी प्रत्यक्ष वर्गात घेतलेला एक पाठ, विभागातील ज्येष्ठांचे लेखी मत आणि पहिल्या दोन वर्षांत नियमित मार्गदर्शन, इतक्या साध्या गोष्टींनाही अर्हतेच्या चौकटीत ठोस स्थान मिळालेले नाही.

अर्हता सिद्ध करूनही तासिका तत्त्वावर राबणारे अध्यापक आज महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत आढळतात. नेट, सेट, पीएच.डी. ही सारी प्रमाणपत्रे हाती असूनही त्यांना पद नाही. पूर्वीच्या पिढीकडे पद होते आणि अर्हतेवर प्रश्नचिन्ह होते; या पिढीकडे अर्हता आहे आणि पदाचाच पत्ता नाही. अर्हतेचा इतिहास येथे येऊन ठेपला असेल, तर यापुढील चर्चा केवळ आणखी एका विनियमाची असून भागणार नाही. ज्या अध्यापकाकडून इतक्या कसोट्या पार करण्याची अपेक्षा ठेवली गेली, त्याला वर्गात स्थिरपणे उभे राहता येईल अशी व्यवस्था निर्माण करणे, ही आता शासनाची, विद्यापीठांची आणि संस्थाचालकांची कसोटी आहे.